प्रवासाचा वीट आलाय, आता कुठे जाऊच नये म्हणतो

बिनघोर

मंडळी, लांबण लावणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

हल्ली कुठे जायचं ठरलं की निघायच्या आधीच थकवा येतो. विमान दीड तासाचं. पण दोन तास आधी या म्हणतात, त्यासाठी घरून त्याच्याही दोन तास आधी निघा, पट्टा काढा, लॅपटॉप काढा, बाटलीतलं पाणी ओता, आत गेल्यावर तीच बाटली पुन्हा भरा. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. आमच्यासारख्यांना त्याचा फायदा एवढाच की वेटिंगवर लोंबकळण्याचे दिवस निम्मे झाले. तत्काळ म्हणाल तर एसीचं दहाला, नॉन-एसीचं अकराला, आणि दोन मिनिटांत सगळं संपलेलं. गाडी काढावी तर टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जात नाही आणि मागचा माझ्या नावानं हॉर्न वाजवतो. हॉटेलात शिरताना क्यूआर कोड, जेवताना क्यूआर कोड, निघाल्यावर 'तुमचा अनुभव कसा होता?' असे मेसेजवर मेसेज. अहो, अनुभव यायला सवड तरी द्या!

सगळ्यात बोचतं ते हे की या अख्ख्या प्रवासात माझ्याशी कुणी बोलत नाही. मला स्कॅन करतात, पुढे सरकवतात, बसवतात, उतरवतात. कुरियरच्या पाकिटाला वाटत असेल तसं वाटतं.

मग जुनी पुस्तकं काढली. रोमन तत्त्वज्ञ सेनेकानं आपल्या मित्राला, लुसिलियसला, लिहिलेल्या पत्रांत सॉक्रेटिसचा किस्सा आहे. एक जण कुरकुरला, इतका फिरलो पण काही फरक पडला नाही. सॉक्रेटिस म्हणाला, कसा पडेल, जाशील तिथे स्वतःलाच बरोबर नेलंस ना! सतराव्या शतकात फ्रेंच विचारवंत पास्कालनं माणसाच्या साऱ्या दुःखांचं मूळ एकाच गोष्टीत काढलं, त्याला खोलीत गप्प बसता येत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट तर जन्मभर क्योनिग्सबर्ग या आपल्या शहरापासून फार लांब कधी गेला नाही, आणि विद्यापीठात चाळीसेक वर्षं भूगोल शिकवत राहिला. आपल्या तुकोबांनी सगळ्यांवर कडी केलीय, 'ठायींच बैसोनि करा एकचित्त'.

तर ठरवलंय. फिरणं पुरे. एखादं शांत ठिकाण बघून तिथेच जाऊन राहावं. कोकणात, घाटमाथ्यावर, कुठेही चालेल. असं कुणी केलंय का? जागा सुचवा.

अळूवडी

म्हणजे कुठे जायचं नाही हे पक्कं झाल्यामुळे आता कुठे जायचं ते विचारताय. धन्य! पास्कालच्या खोलीला गॅलरी आणि समोर समुद्र होता असं कुठे वाचलंत?

घाटवाट

अळूवडी :ड

बिनघोर, तुमच्या वैतागाशी सहमत, औषधाशी नाही. इव्हान इलिच या विचारवंतानं १९७४ च्या सुमारास एक हिशेब मांडला होता. अमेरिकन माणूस वर्षाला साधारण १६०० तास मोटारीपायी घालवतो. त्यात गाडी चालवणं आलं, पार्किंग शोधणं आलं, आणि हप्ते, पेट्रोल, विमा, दंड यांचे पैसे कमावायला लागणारे तासही आले. एवढं करून तो जातो ७५०० मैल. भागाकार केला तर ताशी पाच मैलसुद्धा भरत नाहीत. आपल्याकडे हा हिशेब मांडायला बसलं तर पहिल्या हप्त्यापाशीच पेन खाली ठेवावं लागेल.

पण मला जास्त छळतो तो दुसरा प्रश्न. वाचलेला वेळ जातो कुठे? २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला. त्यामुळे कुणी घरी लवकर यायला लागलं का? नाही. पुण्यात बिऱ्हाड आणि मुंबईत नोकरी हा प्रकार वाढला. पावसाळ्यात एखाद्या वेळी लोणावळ्याला जाणारे शनिवार आला की निघायला लागले. आता भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाण्यापेक्षा माणसं जास्त दिसतात. तुम्ही शोधताय ती शांत जागा आज शांत आहे ती केवळ तिथला रस्ता खराब आहे म्हणून. रस्ता झाला की तुमच्यासारखे आणखी हजार बिनघोर तिथे पोहोचणार.

पारिजात_राजापूर

मी केलंय असं. मुंबई सोडून गावी आलो, घरूनच काम करतो. शहरातल्या माणसाच्या डोक्यात खेडं म्हणजे कोकीळ आणि पाऊस. आमच्याकडे सकाळी सातला चिरेखाणीचं यंत्र सुरू होतं. लाल धूळ आणि दात शिवशिवतील असा आवाज. दिवाळीआधी सड्यावर आणि कलमांच्या बागेत ग्रासकटर. चिरे घेऊन जाणारे डंपर रात्रीसुद्धा थांबत नाहीत. लग्नसराईत डीजे. कायद्यानं निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे हे मला पाठ आहे, कारण ग्रामसभेत ते वाचून दाखवणारा मी एकटाच. लोक ऐकून घेतात, हसतात. ज्याच्या घरचं लग्न त्याला आवाज हवाच असतो, आणि खाणीवर ज्याचा मुलगा कामाला आहे त्याला मी काय सांगणार?

आणि दुसरं. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना छातीत कळ आली तेव्हा त्यांना शहरातल्या इस्पितळात पोहोचवेपर्यंत त्या गाडीत जे काही झालं ते इथे लिहित नाही. त्या वाचल्या. पण महामार्गाच्या चौपदरीकरणाला शिव्या देणाऱ्या शांतताप्रेमी पाहुण्यांना मी आता सरबत देऊन गप्प बसतो.

तरीही परत जाणार नाही. रात्री नऊनंतर इथे जे असतं ते मुंबईत पैसे टाकूनही मिळत नाही.

भाऊचा_धक्का

वय वर्षे ७८. आमच्या लहानपणी कोकणात जायचं ते आगबोटीनं. डेकवर सतरंजी पसरायची, शेजारच्या बिऱ्हाडाशी ओळख, डब्यांची देवाणघेवाण. रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, एकेक बंदर घेत बोट जायची. कुणालाही घाई नव्हती. बोट पोहोचेल तेव्हा पोहोचेल. आता कोकण रेल्वे आहे, मान्य, पण डब्यात शिरल्यापासून जो तो मोबाइलमध्ये. प्रवासाचं मन गेलं.

पारिजात_राजापूर

काका, नमस्कार. आगबोटीचं वर्णन वाचून छान वाटलं. पण आमच्या आजीकडून त्याच बोटीचं दुसरं वर्णन ऐकलंय. अर्ध्या रात्री बंदरात बोट लांब उभी, तिथून पडावात उतरायचं, कडेवर पोर, डोक्यावर ट्रंक, आणि सगळ्यांना उलट्या. पावसाळ्यात तर बोट बंदच, म्हणजे गणपतीला जायचं तर घाटानं धक्के खात. शिवाय 'रामदास' बोट विसरून कसं चालेल? १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली. बुडाली, सहाशेंवर माणसं गेली.

भाऊचा_धक्का

रामदास विसरलेलो नाही बाळा. आमच्या आळीतल्या दोन घरांत तेव्हापासून आषाढी अमावास्येला गोडधोड होत नसे. तरी म्हणतो, डेकवरची ती रात्र खरी होती. दोन्ही खरं असू शकतं.

श्वार्झवाल्ड_शंकर

जर्मनीतून. इथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत शांत डबा असतो, फोनवर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा जपून. आमच्या आईबाबांना त्यात बसवलं तर अर्ध्या तासात बाबा म्हणाले, 'कुणी गेलंय का?' फ्रान्सनं २०२३ पासून जिथे रेल्वेनं अडीच तासांच्या आत पोहोचता येतं अशा काही देशांतर्गत विमानफेऱ्या बंद केल्या, पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत आणि लियोंच्या. मार्ग मोजकेच, पण सरकारनं 'इतकं वेगात जायची गरज नाही' असं कायद्यात लिहिलं याचं मला अप्रूप वाटतं. गाड्या वेळेवर येतात का ते मात्र विचारू नका.

टिटवी

इतके प्रतिसाद झाले आणि एकाही माणसाला हे सुचू नये?

कांटला खोलीत शांत बसता येत होतं कारण मार्टिन लांपे नावाचा नोकर त्याला पहाटे पाचला उठवायचा आणि घर सांभाळायचा. तेही दोनपाच नव्हे, कित्येक वर्षं. सेनेका रोममधल्या बड्या धनवंतांपैकी एक, घरात गुलाम. त्याला साधं राहणं सुचलं यात नवल नाही, अवघड कामं दुसरे करत होते. आणि तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर एकचित्त होऊन बसले होते तेव्हा खालून भाकरी घेऊन तो डोंगर चढत कोण होतं? आवली. कथेत तिच्याच पायात काटा मोडतो. विठ्ठलाला तो काढायला यावं लागलं, हे संतचरित्रातलं मला सगळ्यात आवडणारं दृश्य आहे, कारण देवालाही कळलं की पाय कुणाचा दुखतोय.

तुम्ही सगळे 'ठायींच बसा' म्हणताय. माझी आई ठायींच बसली होती. माहेर, सासर आणि एकदा पंढरपूर, संपला तिचा भूगोल. मला आता स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या नावावरच्या तिकिटावर एकटीनं जाता येतं. ती वेटिंगची कटकट, ती रांग, मला चालते. तुम्हाला ज्याचा वीट आलाय ते आमच्या वाट्याला आत्ता कुठे येतंय हो. जरा खाऊ द्या की.

अळूवडी

+१. उभं राहून टाळ्या.

नास्तिक_वारकरी

टिटवी ताई, आवलीचा मुद्दा मान्य, बिनशर्त. पण तुकोबांना घरबशांच्या रांगेत बसवू नका, ते वारकरी होते. ज्या अभंगात 'ठायींच बैसोनि' आहे त्यातच 'न लगती सायास जावें वनांतरा' असं आहे. त्यांचा टोला आहे तो रानात जाऊन शांती शोधणाऱ्यांना. म्हणजे थेट आपल्या धागाकर्त्यांना! पंढरपूरला चालत जाऊ नका असं ते कुठेच म्हणत नाहीत.

देवावर माझा विश्वास नाही, तरी आळंदी ते पंढरपूर चाललोय. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. बिनघोर यांना प्रवासात जे जे छळतं ते सगळं तिथे आहे. गर्दी, रांग, पाण्याच्या टँकरपाशी बाचाबाची, पहाटे तीनला माइकवरून हाका. शांतता तर औषधालाही नाही. तरी पाकीट झाल्यासारखं एकदाही वाटलं नाही. कारण काय असेल यावर मी बराच विचार केलाय. एक तर जो तो तुम्हाला माउली म्हणून हाक मारतो, म्हणजे तुमच्याशी बोलतो. दुसरं, तिथे लवकर पोहोचून काही उपयोग नाही. तुम्ही पळत गेलात म्हणून एकादशी लवकर येत नाही.

घाटवाट

शेवटचं वाक्य लिहून ठेवतोय.

यावरून गांधीजी आठवले. १९०९ मध्ये त्यांनी हिंद स्वराज्य लिहिलं, त्यात रेल्वेवर कडाडून टीका. रेल्वेनं प्लेग पसरवला, दुष्काळ वाढवले, आणि चांगलं काम गोगलगाईच्या चालीनं होतं असं त्यांचं म्हणणं. गंमत म्हणजे हे लिहिलं कुठे, तर लंडनहून दक्षिण आफ्रिकेला निघालेल्या वाफेच्या बोटीवर. उजवा हात दमला की डाव्यानं. पुढे भारतात आल्यावर हाच माणूस तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून देशभर फिरला. काही जण याला दुटप्पीपणा म्हणतात. मला तो दुटप्पीपणा वाटत नाही. रेल्वे वापरायची तर निदान जिथे सगळ्यात जास्त त्रास आहे त्या डब्यात बसून वापरायची, एवढी तरी किंमत त्यांनी मोजली. आपण टीका करतो ती लाउंजमधून.

बिनघोर

चांगलीच धुलाई चाललीय. पण टिटवी, एक सांगा, लांपे आणि आवली यांचे कष्ट खरे म्हणून शांततेची ओढ खोटी ठरते का? मला ती ओढ आहे. ती श्रीमंतांची चैन असेल तर असो. मी काही गुलाम ठेवायला निघालेलो नाही, मला फक्त हॉर्न नसलेली जागा हवीय. जगात अशी एकही जागा नसावी?

दस्तुरीपार

आहे. मी तिथेच राहतो. माथेरान.

इथे सहसा वाचनमात्र असतो, पण आता लिहावंसं वाटलं.

पुस्तकात लिहितात की १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट यानं माथेरान शोधलं. डोंगरावर आणि पायथ्याला ठाकर, कातकरी, धनगर होतेच, पण त्यांनी शोधलं असं कुणी लिहीत नाही. १९०७ ला पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून नेरळची गाडी वर आली. रूळ दोन फुटी, वीसेक किलोमीटरला दोन तासांच्या वर लागतात. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, तिथून पुढे बंदी. २००३ पासून इको सेन्सिटिव्ह झोन. म्हणजे ती छोटी गाडी आणि रुग्णवाहिका सोडली तर इंजिनाचा आवाज नाही. पाहुणे येतात, डोळे मिटून उभे राहतात, म्हणतात किती शांत.

आता ही शांतता चालते कशी ते सांगतो. तुमच्या हॉटेलातला गॅस सिलेंडर, सिमेंटची गोणी, बटाटे, बिसलेरीचे खोके, रविवारी रात्री जमलेला तुमचा कचरा, हे सगळं वर-खाली करतं कोण? घोडा, हातगाडी आणि माणसाचं डोकं. म्हाताऱ्या पाहुण्यांना आजवर बाजारापर्यंत नेत आलं कोण? हातरिक्षा. एक जण पुढे ओढणार, मागून एक-दोन जण ढकलणार. लाल मातीत, चढावर, पावसात चिखलात. माझे वडील ओढायचे. शेवटी शेवटी त्यांना रात्री पाठ टेकवता यायची नाही. शांतता तुम्ही शनिवार-रविवार ऐकता, आम्ही ती उचलतो.

डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनं ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या. सगळ्यात आधी कोण खूश झालं माहितेय? शाळेची पोरं, जी रोज दप्तर घेऊन चालत होती. घोडेवाले चिडले, त्यांचंही पोट आहे. बाहेरचे पर्यावरणप्रेमी म्हणाले, आज ई-रिक्षा, उद्या मोटार. ती भीती अगदीच खोटी नाही, मलाही वाटते. मग ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं सांगितलं की माणसानं माणसाला ओढणं हे माणुसकीला धरून नाही, सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या. निकालाची बातमी टीव्हीवर लागली तेव्हा आई नुसती बघत बसली. वडील असते तर काय म्हणाले असते, मला सांगता येणार नाही. हातरिक्षा त्यांचा अभिमानसुद्धा होता.

अळूवडी

यावर विनोद करणार नाही.

बिनघोर

दस्तुरीपार, लिहिलंत, फार बरं झालं. पण सरळ विचारतो, राग मानू नका. इतका त्रास आहे तर मग गाववालेच मोटारी वर का येऊ देत नाहीत? मागणी करा ना.

दस्तुरीपार

राग कसला. गावातच यावर दोन तट आहेत, एका घरात सुद्धा. मला विचाराल तर मोटार नको. मोटार आली की वर घाटवाट यांनी लिहिलंय ते लोणावळा व्हायला एक पावसाळा पुरे. पाहुणा सकाळी येईल, पॉइंटवर फोटो काढील, वेफर्सचं पाकीट दरीत टाकील आणि संध्याकाळी पनवेलला जेवायला. आज निदान नाक्यावर उतरल्यामुळे त्याला कळतं की पुढे पायांनी जायचंय, मग तो राहतो. आमचा धंदा त्या राहण्यावर आहे. म्हणजे बंदी आम्हाला हवीच. फक्त तिचा भार आमच्याच पाठीवर का, एवढं विचारतोय. तुम्हीही थोडा उचला. दस्तुरीहून बाजारापर्यंत चालत या. गरम पाणी उशिरा आलं तर मॅनेजरवर ओरडू नका. कचरा परत न्या.

टिटवी

बिनघोर काका, मी ओढ खोटी म्हटलं नव्हतं. मलाही हॉर्न नकोच आहे. तुमच्या शांत घरात भांडी कोण घासणार एवढं आधी ठरवा, मग खुशाल पास्काल वाचा. दस्तुरीपार दादांनी माझ्यापेक्षा नीट सांगितलं.

पारिजात_राजापूर

आमच्या ग्रामसभेत पुढच्या वेळी डेसिबल वाचायच्या ऐवजी हे वाचून दाखवू का? परवानगी असेल तर. खाणवाल्यांशी बोलताना मी आजवर 'मला त्रास होतो' एवढंच म्हणत आलो. खाणीवर काम करणाऱ्यांच्या कानांचं आणि फुप्फुसांचं काय होतं हे मीही कधी विचारलं नाही.

दस्तुरीपार

वाचा की. वडिलांचं तेवढं गाळा.

श्वार्झवाल्ड_शंकर

डिसेंबरात भारतात येतोय, आईबाबांना माथेरानला न्यायचं मनात आहे. नेरळहून गाडी मिळेल ना? बाबांना त्या गाडीचं वेड आहे.

दस्तुरीपार

डिसेंबरात चालू असते. पावसाळ्यात नेरळ ते माथेरान बंद ठेवतात, तेव्हा फक्त अमन लॉज, म्हणजे दस्तुरीजवळचं स्टेशन, ते माथेरान शटल. तिकीट मिळवणं मात्र बिनघोर यांच्या तत्काळसारखंच आहे, डबे थोडे आणि माणसं भरपूर. नाताळच्या आठवड्यात येऊ नका, त्याआधीचा मंगळवार-बुधवार बघा. आणि तो ब्लूटूथ स्पीकर जर्मनीतच राहू द्या.

बिनघोर

मीही येतो म्हणतो, राहायला नाही, आठवडाभरच. नाक्यावरून चालतच येईन, शब्द देतो. पण गुडघे कुरकुरतात, बॅग उचलायला कुणी मिळेल का?

दस्तुरीपार

मिळेल. दर आधी विचारून घ्या आणि मग घासाघीस करू नका.